फ्राइड चिकन : मसाल्याचं नंतर बघू, आधी मीठ आणि तेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांच्या हट्टापायी घरी तीनदा फ्राइड चिकन केलं. पहिल्यांदा ते बाहेरून काळं झालं आणि हाडापाशी लाल राहिलं. दुसऱ्यांदा पिठाचं आवरण कढईतच सुटलं. तिसऱ्यांदा रंग छान आला, पण ताटात वाढेपर्यंत सगळं सादळलं. मग यात मसाला नेमका कोणता घालतात? आणि हा पदार्थ मुळात कुठला?

ताई, मी २६ वर्षं बोटीवर स्वयंपाक केला, त्यातली १६ वर्षं चीफ कुक म्हणून. आमच्या मालवाहू बोटींवर रविवार म्हणजे चिकन, हे ठरलेलंच असायचं. बावीस माणसांचं चिकन तळायचं, आणि खाणारे कोण, तर फिलिपिनो, कोरियन, युक्रेनियन आणि आपले रत्नागिरी-देवगडचे. सगळ्यांच्या जिभा वेगळ्या. एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमच्या तिन्ही तक्रारी पाण्याच्या आहेत. मांसात पाणी किती टिकलं, आवरणातून किती बाहेर गेलं आणि तळून झाल्यावर कुठे अडकून बसलं, एवढ्यावर सगळं ठरतं. मीठ, वेळ आणि तेलाची आच हाताखाली आली की मसाल्यात नुसती मिरपूड घातलीत तरी पदार्थ उत्तम होतो.

मूळ कुठलं, ते आधी घेतो. मसाल्याचं हे वेड तिथूनच आलेलं आहे.

चरबीत कोंबडी तळणं ही काही एकाच देशाची रीत नाही. लंडनच्या हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पुस्तकात कोंबडी व्हिनेगर, मिरी, लवंगा आणि तमालपत्रात तीन-चार तास मुरवून, वाइन आणि पिठाच्या घट्ट पिठल्यात बुडवून डुकराच्या चरबीत तळायला सांगितली आहे. स्कॉटलंडमधून अमेरिकेच्या दक्षिणेत वसायला गेलेल्यांनी तळण्याची रीत नेली, असं बरेच जण सांगतात. पश्चिम आफ्रिकेत पाम तेलात मसाला लावून कोंबडी करायची पद्धत होती, आणि तिथूनच लाखो माणसं गुलाम म्हणून अमेरिकेत नेली गेली. अमेरिकेत छापल्या गेलेल्या सुरुवातीच्या पाककृतींपैकी सगळ्यात प्रसिद्ध आहे ती व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ सालच्या पुस्तकातली. कोंबडीचे तुकडे करा, पिठात चांगले घोळवा, मीठ भुरभुरवा, भरपूर उकळत्या चरबीत फिकट तांबूस होईपर्यंत तळा. मसाला संपला! मिरपूड आहे, पण तीसुद्धा वरून ओतायच्या दुधाच्या रश्श्यात.

पण पुस्तक लिहिणारी बाई वेगळी आणि चुलीपाशी उभी राहणारी वेगळी. रँडॉल्फ यांच्यासारख्या घरांत रांधायचं काम गुलाम बायकांकडे असायचं. दक्षिणेतल्या बऱ्याच मळ्यांवर गुलामांना गाय-डुक्कर पाळायची परवानगी नव्हती, कोंबड्या मात्र पाळता यायच्या. परसातली कोंबडी आणि अंडी हीच त्यांची थोडीफार स्वतःची कमाई. पीठ कधी धरतं, चरबी कधी तापली, मांडी कधी शिजली, हे सगळं ज्ञान त्या बायकांच्या हातात पिढ्यान् पिढ्या साठत गेलं. ते कुणी लिहून ठेवलं नाही आणि त्यांची नावंही कुणी छापली नाहीत.

व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे दोन रेल्वेमार्ग एकत्र यायचे. गाड्यांना तेव्हा जेवणाचा डबा नव्हता. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय बायका डोक्यावर ताटं घेऊन फलाटावर यायच्या आणि तळलेली कोंबडी, ब्रेड, कॉफी खिडकीतून प्रवाशांना द्यायच्या. आपल्या कर्जतच्या फलाटावर वडे घेऊन धावणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. त्यातल्या एकीच्या मुलीने पुढे सांगितलं होतं की आमच्या घराचे पैसे आईने कोंबडीच्या तंगड्या विकून फेडले. पुढे वंशभेदाच्या कायद्यांच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना वाटेतल्या हॉटेलांत बसू देत नसत. तेव्हा बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा अशी शिदोरी बांधून ती माणसं निघायची. गार झाली तरी चांगली लागते आणि लवकर विटत नाही, म्हणून कोंबडी. त्याच कोंबडीवरून त्यांची हिणकस व्यंगचित्रंही काढली गेली. पदार्थ त्यांचा, कष्ट त्यांचे आणि चेष्टाही त्यांचीच. मी हा पदार्थ शिकवायला बसतो तेव्हा हे सांगितल्याशिवाय पीठ मळायला हात लावत नाही.

मग केएफसी या दुकानांच्या साखळीच्या ११ गुप्त मसाल्यांची गोष्ट आली कुठून? ती साखळी काढणारे हारलंड सँडर्स हे अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात पेट्रोल पंपापाशी खाणावळ चालवायचे. तव्यात कोंबडी तळायला अर्धा तास लागायचा, गिऱ्हाईक थांबायचं नाही. १९३९ च्या सुमारास त्यांनी नव्याने बाजारात आलेल्या प्रेशर कुकरमध्ये तळून बघितलं आणि वेळ खूपच कमी झाला. खरी करामत ती होती. १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पीट हारमन यांना त्यांनी पहिली शाखा चालवायला दिली, आणि जाहिरात झाली ती मात्र ११ गुप्त मसाल्यांची. आपल्याकडे १९९५ मध्ये बेंगळुरूत त्या साखळीचं पहिलं दुकान उघडलं. तेव्हापासून आपणही विचारतो, मसाला कोणता?

इथेच एक कळकळीची विनंती. हे वाचून घरच्या कुकरमध्ये तेल घालून झाकण लावू नका. दुकानातलं यंत्र त्यासाठीच बनवलेलं असतं. आपल्या कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या वाफेसाठी असतात, दाबाखालच्या उकळत्या तेलासाठी नव्हेत. झाकण उडालं तर स्वयंपाकघरातलं कुणी वाचणार नाही.

आपल्याकडे कोंबडी तळायची रीत का रुजली नाही, हेही मला नेहमी वाटायचं. उत्तर कोंबडीतच आहे. गावठी कोंबडी वर्ष-दीड वर्ष हिंडून चिवट झालेली असते. तिला मंद आचेवर दीड तास शिजवावं लागतं, म्हणून आपल्याकडे रस्सा आणि वडे-सागोती. तळायला कोवळा पक्षी लागतो. अमेरिकेतही जुन्या काळी वसंतात मिळणारी कोवळी पिल्लंच तळायचे आणि म्हातारी कोंबडी शिजवायचे. आता दुकानात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्याची असते, त्यामुळे ती अडचण गेली. गावठी आणून तळायला मात्र जाऊ नका, रबर होईल.

माझी पहिली चूक सांगतो, कारण तुमचीही तीच आहे. चीफ कुक झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी लेगपीसना आमचा मालवणी मसाला चोळला, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवले आणि सुरमईसारखे तळले. पाच मिनिटांत इतका सुंदर रंग आला की मी खूश होऊन पुढचा घाणा टाकला. कॅप्टनने सुरी घातली आणि हाडाजवळून लाल पाणी आलं. त्यांनी ताट शांतपणे बाजूला सरकवलं. त्या दिवशी सगळ्या बोटीने पाव आणि अंडी खाल्ली. परत तळायला घेतलं तर मसाला करपून कडू झाला होता. सुरमईची तुकडी तीन-चार मिनिटांत होते, म्हणून तिच्या अंगावरचं तिखट टिकतं. हाड असलेल्या तंगडीला १२ ते १४ मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात १६०-१७० अंशाच्या तेलात लाल तिखट, हळद, आलं-लसणाचा चोथा, धणे सगळं जळतं. मोठ्या हाडाच्या तुकड्याच्या आवरणात मसाला कमी, हा माझा पहिला नियम त्या रविवारी झाला.

आणि जगभरच्या तरबेज लोकांनी हाच पेच आपापल्या परीने सोडवलाय.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला एक जहाल तिखट प्रकार मिळतो. थॉर्नटन प्रिन्स यांच्या घराण्याचा, १९३० च्या दशकातला. ते तिखट पिठात घालतच नाहीत. कोंबडी साधीच तळतात आणि बाहेर काढल्यावर गरम चरबीत कालवलेली लाल मिरची तिच्यावर फासतात. खाली पांढऱ्या ब्रेडचे तुकडे, वर काकडीचं लोणचं. मिरची तळणीत गेलीच नाही, तर करपणार कशी?

कोरियातही तेच. तिथे तळलेली कोंबडी लोकप्रिय झाली ती कोरियन युद्धानंतर, आणि १९७० च्या दशकात खाद्यतेल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर. तिखट-गोड लाल चटणीत घोळवलेल्या यांगन्योम चिकनचं श्रेय दैगू शहराच्या युन जोंग-ग्ये यांना देतात. चटणी तळल्यानंतर. आमच्या बोटीवरचा एक कोरियन सेकंड इंजिनीअर तासभर माझ्यापाशी उभा राहून दोनदा तळणं शिकवून गेला. पहिल्यांदा मध्यम तेलात तुकडा शिजवायचा, बाहेर काढून पाच-सात मिनिटं ठेवायचा, मग कडक तेलात मिनिट-दोन मिनिटं. मधल्या वेळात आतलं पाणी आवरणाकडे येतं आणि दुसऱ्या तळणीत उडून जातं. म्हणून चटणीत घोळवूनही आवरण कुरकुरीत राहतं. दुकानाबाहेर बसून बिअरबरोबर हे चिकन खायची तिथे इतकी सवय आहे की त्या जोडीला ‘चिमेक’ असा एकच शब्द आहे. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या कितीतरी लोकांनी चिकनचीच दुकानं काढली.

जपानचं कराआगे मला घरच्या स्वयंपाकघरासाठी सगळ्यात योग्य वाटतं. मांडीचं बिनहाडाचं मांस, मोठ्या घासाएवढे तुकडे, सोया सॉस, आलं, लसूण यांत अर्धा तास, मग बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळायचं. ओइता प्रांतातलं नाकात्सु गाव यासाठीच प्रसिद्ध आहे. तैवानमध्ये रताळ्याचं स्टार्च वापरतात, त्यामुळे आवरणाला बारीक खडे येतात, आणि वर तुळशीच्या जातीची पानं तळून टाकतात. फिलिपिनो पोरं व्हिनेगर, लसूण, सोया सॉसमध्ये मुरवतात आणि भाताबरोबर खातात. इंडोनेशियात हळद, धणे, गलांगल (आल्यासारखं एक मूळ), लसूण घालून कोंबडी आधी मंद शिजवून घेतात आणि मग नुसती तळतात. आवरण नाहीच, आणि हाडापाशी कच्चं राहायची भीतीही नाही. आपल्याला मसालेदार तंगडी हवी असेल तर ही युक्ती सोन्यासारखी आहे. मालवणी मसाल्यात झाकण ठेवून २० मिनिटं शिजवा, पाणी आटवा, गार करा आणि मग तळा.

आपल्या जवळचं म्हणाल तर गोव्याचं कॅफ्रियल. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी, दालचिनी यांचं हिरवं वाटण लावून थोड्या तेलात तळलेलं. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून ते गोव्यात आलं, नावातही तीच खूण आहे. म्हणजे इथेही आफ्रिकी हात आहेतच. चेन्नईचं चिकन ६५ बुहारी हॉटेलचं म्हणून ओळखतात. त्या आकड्याच्या कथा मात्र डझनभर आहेत. मुंबईच्या चायनीज गाड्यांवरचं लॉलीपॉप म्हणजे विंगचं मांस हाडावरून वर सरकवून केलेला गोळा. तुकडा लहान, चार-पाच मिनिटांत होणारा, म्हणून त्याच्या आवरणात तिखट चालतं.

आता तुमच्या कढईकडे येतो.

कोंबडी आणताना ‘तंदुरी साइज, विथ स्किन’ सांगा. साफ केल्यावर किलोभर भरेल अशी. आपल्याकडे दुकानदार विचारल्याशिवाय कातडी ठेवत नाही, आणि कातडीशिवाय पीठ नीट धरत नाही; शिवाय तिच्याखालची चरबी मांसाला कोरडं होऊ देत नाही. आठ ते दहा तुकडे करून घ्या. छातीचा तुकडा मोठा असतो, त्याचे दोन करायला सांगा, नाहीतर तंगडी आणि छाती एका वेळी होणारच नाहीत. घरी नळाखाली धुवू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्याभर पसरतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन धुवा आणि नंतर कोरडी टिपा.

अमेरिकेतले लोक ताकात मुरवतात, पण त्यांचं ताक आपल्यापेक्षा दाट असतं. आपण ३०० ग्रॅम दही आणि पाव वाटी पाणी घुसळून घ्यावं. त्यात १५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण अडीच ते तीन लहान चमचे सपाट, एक चमचा मिरपूड, एक चमचा लाल तिखट आणि सात-आठ लसूण पाकळ्यांचा वाटून गाळलेला रस. चोथा नको, तो जळतो. हळदही नको, रंग फसवते. आलं रात्रभर ठेवू नका. कच्च्या आल्यात मांस विरघळवणारं द्रव्य असतं, सकाळी तुकडा भुसभुशीत होतो. पपई तर नकोच. फ्रीजमध्ये आठ तास, जमलं तर रात्रभर.

या मिठाला एवढा वेळ का द्यायचा? पहिल्या अर्ध्या तासात मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं. पुढच्या काही तासांत तेच खारं पाणी परत आत शिरतं आणि मांसातल्या प्रथिनांची घडी सैल करतं. मग तळताना तीच प्रथिनं पाणी धरून ठेवतात. अर्ध्या तासात काढलेलं चिकन कोरडं लागतं ते यामुळेच. दह्यातलं आम्ल मांस हळूहळू मऊ करतं, पण मुख्य काम मिठाचं. व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन नावाच्या वस्तीत वाढलेल्या एडना लुइस या थोर कृष्णवर्णीय स्वयंपाकीण बाई कोंबडी आधी मिठाच्या पाण्यात आणि मग ताकात ठेवायच्या. दोन दिवसांचं काम, पण त्यांनी त्यात काटछाट केली नाही.

पिठासाठी २०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर आणि एक मोठा चमचा ताजी मिरपूड. नुसता मैदा घेतलात तर आवरण वातड होतं. कॉर्नफ्लोअर त्याला खुसखुशीत करतं. कॉर्नफ्लोअरऐवजी तांदळाचं पीठ चालेल, आवरण थोडं कडक येईल. खायचा सोडा मात्र बेकिंग पावडरच्या जागी घालू नका. आता या कोरड्या पिठात मुरवणाचे तीन चमचे टाका आणि बोटांनी चोळा. लाडवाचा रवा तूप लावून चोळतो तसं. बारीक बारीक गोळ्या होतील. दुकानातल्या चिकनवर जे खडबडीत पापुद्रे दिसतात ते याच गोळ्यांचे.

कोंबडी तळायच्या अर्धा तास आधी फ्रीजमधून काढा. तुकडा निथळू द्या, पिठात टाका आणि तळहाताने दाबा. नुसता घोळवू नका, दाबा. झटका आणि जाळीवर ठेवा. सगळे झाले की १५ ते २० मिनिटं तसेच राहू द्या. तुमचं आवरण सुटलं ते बहुतेक इथेच. कोरडं पीठ तसंच तेलात गेलं तर त्याच्याखाली वाफ कोंडते आणि आवरण फुग्यासारखं सुटतं. थांबलं की पीठ ओल शोषून कातडीला चिकटतं, जाळीवर ठेवलेला तुकडा ओलसर दिसायला लागतो. तसा दिसला की तळणीत टाकायच्या आधी पुन्हा हलकं पीठ भुरभुरा.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं घ्या. घाण्याचं तेल भाजीला उत्तम, पण इथे फेसाळतं आणि लवकर धुरावतं. खोलगट, जाड बुडाची कढई, निम्म्याहून जास्त भरायची नाही. थर्मामीटर घेतलात तर माझे आशीर्वाद लागतील, ती वस्तू महाग नसते. टाकताना तेल १७० अंश सेल्सिअस. तीन-चार तुकडे टाकले की ते १५० वर उतरतं. उतरू दे, आणि पुढे १५० ते १६० वर धरा. थर्मामीटर नसेल तर पावाचा छोटा तुकडा टाका, साधारण मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. लगेच काळपटला तर आच जास्त. भज्यांच्या सवयीने आपण तेल कडक ठेवतो, आणि तिथेच बाहेरून काळं, आतून कच्चं होतं. पहिली तीन मिनिटं झारा लावू नका. आवरण धरलं की एकदा पलटा. तंगडी आणि मांडी १२ ते १४ मिनिटं, छाती आठ ते दहा, विंग सात-आठ. शेवटच्या मिनिटाला आच वाढवून १८० पर्यंत न्या.

झालं कसं ओळखायचं, हे मला अमेरिकेतल्या सव्हाना बंदरात कळलं. तिथे खलाशांसाठी एक विसाव्याचं ठिकाण होतं आणि चर्चमधल्या एक सत्तरीच्या कृष्णवर्णीय आजी आठवड्यातून एकदा येऊन रांधायच्या. बिडाची जड कढई, तुकडा निम्मा बुडेल एवढंच तेल. पीठ खाकी कागदी पिशवीत, त्यात तुकडे टाकून पिशवीचं तोंड पिळायचं आणि हलवायचं. त्यांनी तुकडे सोडले, झाकण ठेवलं आणि पाठ करून कोबी चिरायला लागल्या. मी घड्याळ बघत होतो. एकदम त्यांनी मागे न बघता बोट वर केलं, ऐक म्हणाल्या. सुरुवातीला पत्र्यावर जोराची सर पडावी तसा आवाज होता. तो आता विरळ, बारीक तडतडीवर आला होता. झाकण काढून त्यांनी तुकडे पलटले, खालची बाजू जुन्या पितळेच्या रंगाची. तो आवाज म्हणजे मांसातलं पाणी वाफ होऊन तेलातून निघतंय त्याचा. वाफ कमी झाली की आवाज पातळ होतो, बुडबुडे लहान होतात आणि तुकडा हलका होऊन वर येतो. मी मसाला विचारला. त्यांनी मीठ, मिरपूड आणि थोडी पाप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, दाखवली. आजही तळताना मी एक्झॉस्टचा पंखा मिनिटभर बंद करून ऐकतो.

कानाला जोड म्हणून थर्मामीटरची सुई हाडाला न टेकवता मांसाच्या जाड भागात खुपसा. ७४ अंश झालं की खायला सुरक्षित. छाती तिथेच काढा. मांडी मात्र ८० ते ८५ पर्यंत नेली तर तिच्यातले चिवट धागे विरघळून ती जास्त रसाळ लागते. आणि हाडाजवळचा लाल-जांभळा डाग म्हणजे कच्चंच, असं समजू नका. ब्रॉयलर कोवळी असते, तिची हाडं सच्छिद्र असतात आणि मगजातला रंग बाहेर झिरपतो. फ्रोझन असेल तर हमखास. ७४ च्या वर गेलं असेल आणि मांस हाडापासून सुटत असेल तर निश्चिंत खा. पहिल्या वेळी तुमचं खरंच कच्चं होतं की हा डाग होता, ते सुईनेच कळलं असतं.

काढल्यावर तुकडा जाळीवर ठेवा, खाली ताट. ताटात थेट नको, कागदावर नको, वर्तमानपत्रावर तर मुळीच नको, शाई अन्नात उतरते. तुमचं सादळलं ते इथे. गरम तुकड्यातून वाफ निघतच असते. खाली वाट मिळाली नाही की ती आवरणात शिरते. झाकूनही ठेवू नका. पाहुणे यायचे असतील तर ओव्हन १०० अंशावर ठेवून जाळीसकट आत सरकवा.

एअर फ्रायरचं विचाराल म्हणून सांगतो. त्यात चिकन चांगलं भाजलं जातं, मी स्वतः करतो. पण गरम हवा तेलाइतक्या वेगाने उष्णता देत नाही, म्हणून कोरडं पीठ तसंच पांढरं राहतं. त्यात करायचं तर पिठावर तेल फवारा, किंवा पीठ सोडून कॅफ्रियलचं वाटण लावा, ते सुरेख होतं.

उरलेलं तेल गार झाल्यावर कापडातून गाळा. अजून एकदा-दोनदा तळणीला वापरा. फेस यायला लागला, काळं-चिकट झालं किंवा आधीपेक्षा लवकर धुरावलं की टाकून द्या. हॉटेलांसाठी तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे, तेल परत परत तापून खराब झालं की त्यात जी ध्रुवीय संयुगं तयार होतात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरता येत नाही. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, गॅस बंद करा आणि कढईवर झाकण सरकवा. भरसमुद्रात आम्हाला याची कवायत करायला लावत. घरात निदान झाकण हाताशी ठेवा.

उरलं तर फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. परत गरम करताना मायक्रोवेव्ह नको, ओव्हनमध्ये जाळीवर १८० अंशाला १२ ते १५ मिनिटं. प्रवासाला न्यायचं असेल तर पूर्ण गार करा आणि स्टीलच्या घट्ट डब्याऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद घालून भरा. पुठ्ठा ओल शोषून घेतो, झाकणाला वाफ धरत नाही. मात्र आपल्या उन्हात दोन तासांच्या आत संपवा. सोबत लिंबाची फोड आणि काकडी.